टर्बो गेला की नळी? एका अबार्थ पुंटोचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका फिजिओथेरपिस्ट महिलेच्या फियाट अबार्थ पुंटो गाडीचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, गॅरेजे आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. बिघाड, त्याचे निदान आणि घेतलेले निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने मांडले आहेत. ज्या कंपनीने देशातील विक्री थांबवली आहे, तिची टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) असलेली पेट्रोल गाडी सांभाळताना निर्णय कुठे अडतात आणि पैसे कुठे वाया जाऊ शकतात, हे या एका उदाहरणातून बऱ्यापैकी स्पष्ट होते, म्हणून ते सविस्तर लिहिले आहे.

गाडीची थोडी माहिती आवश्यक आहे. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात ९.९५ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला विक्रीस आली. १३६८ सीसीचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, ५५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) १४५ अश्वशक्ती, २००० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यात २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १६ इंची अलॉय चाके असा तिचा ऐवज होता. ताशी ० ते १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठण्याचा कंपनीचा दावा होता. चार मीटरच्या आतील पेट्रोल गाडीला करात सवलत मिळण्यासाठी इंजिन १२०० सीसीच्या आत असावे लागते, आणि हे इंजिन त्या मर्यादेबाहेर असल्यामुळे गाडी आकाराने लहान असूनही तिला ती सवलत नव्हती. तरीही तिची किंमत दहा लाखांच्या आत बसवली गेली, कारण गाडी पुणे जिल्ह्यातच, रांजणगावच्या कारखान्यात तयार होत होती. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या आणि १९७१ मध्ये फियाटने घेतलेल्या अबार्थ कंपनीच्या विंचवाच्या चिन्हाखाली शिरूर तालुक्यात गाडी बनावी, याचे अप्रूप या गाडीच्या मालकांना अजूनही आहे आणि ते रास्तच आहे.

त्यानंतरचा काळ सर्वांना माहीत आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू होणाऱ्या बीएस-६ या प्रदूषण मानकांसाठी फियाटने आपल्या गाड्या अद्ययावत केल्या नाहीत आणि २०१९ मध्ये भारतातील विक्री थांबवली. रांजणगावात जीप गाड्या बनत राहिल्या, पण फियाटची शोरूम बंद झाली. डिझेल पुंटोच्या मालकांना याची झळ तुलनेने कमी बसली, कारण त्यांचे १.३ मल्टिजेट इंजिन मारुती आणि टाटाच्या गाड्यांतही लाखोंच्या संख्येने बसले होते आणि त्याचे बरेच सुटे भाग आजही गल्लीतल्या दुकानात मिळतात. टी-जेटचे तसे नाही. भारतात ते लिनिया टी-जेट (फियाटचीच सेडान) आणि अबार्थ पुंटो अशा मोजक्या गाड्यांतच आले. मेकॅनिकने ते कधी उघडलेले असेलच अशी खात्री नसते, आणि एखादा भाग दुकानदाराला फोनवर समजावून सांगण्यातच अर्धा दिवस जातो.

मालकीणबाईंनी २०१६ ची ही गाडी २०२२ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली. त्यांचे वडील साताऱ्याला असतात. वडिलांकडे अनेक वर्षे प्रीमियर पद्मिनी होती, घरात गाडीला ‘फियाट’ म्हणण्याची सवय तिथूनच लागली. गाडी घेण्यामागे ही आठवण थोडीफार होती, परंतु मुख्य कारण चालवण्याचा आनंद हेच होते आणि ते त्या कधी लपवत नाहीत. या गाडीचे हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला रस्त्याचा पोत कळवते. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी साधीसुधी वाटते आणि त्यापुढे टर्बोचा जोर आला की चढावर तिसऱ्या गीअरमध्येच ओढत राहते. त्याची किंमतही मोजावी लागते. क्लच जड आहे, सिंहगड रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत डावा पाय भरून येतो. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटरच असल्यामुळे सोसायटीच्या दारातल्या उंच गतिरोधकावरून गाडी तिरकी काढावी लागते. पेट्रोल शहरात सढळ हाताने जाते.

विकणाऱ्याने व्यवहाराच्या वेळी एक गोष्ट तोंडी सांगितली होती. गाडीच्या ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ‘स्टेज वन’ रीमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याच्या प्रोग्रॅममधला पहिल्या पायरीचा बदल, करून घेतले आहे आणि त्यामुळे टर्बोचा दाब मुळापेक्षा जास्त आहे. कागद काही नव्हता. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनच्या तालात व्हॉल्व उघडवणारा पट्टा, केव्हा बदलला, याचीही नोंद नव्हती. या दोन रिकाम्या जागा पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

अडचण

उन्हाळ्यात एका शनिवारी दुपारी त्या साताऱ्याला निघाल्या. शिरवळ ओलांडून खंबाटकी घाट चढताना मालट्रकची रांग मागे टाकण्यासाठी त्यांनी तिसऱ्या गीअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. अडीच हजार आरपीएमच्या आसपास बॉनेटखालून ‘फस्स’ असा आवाज आला, गाडीचा जोर एकाएकी गेला आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. इंजिन बंद पडले नाही, तापमानाचा काटा मध्यावरच होता, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला नव्हता. मात्र ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी टर्बो नसलेल्या गाडीसारखी, किंबहुना त्याहूनही मंद चढत होती, आणि प्रत्येक वेळी तोच फसफस आवाज येत होता.

येथे पहिला निर्णय घ्यावा लागला. घाटात थांबणे धोक्याचे होते. दुसऱ्या गीअरमध्ये, ॲक्सिलरेटर हलका ठेवून त्यांनी घाट ओलांडला आणि सुरूरच्या फाट्याजवळ मोकळी जागा पाहून गाडी बाजूला घेतली. इंजिन थोडे निवल्यावर डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहिली. ती योग्य होती. मागे सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता. या दोन गोष्टी पाहून त्या सावकाश साताऱ्याला पोचल्या. वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते, “अगं, असल्या अवस्थेत परत चालवत नेऊ नकोस. टेम्पोवर घालून पाठवू.” सोमवारी सकाळी दवाखान्यात रुग्ण ठरलेले असल्याने रविवारी त्या गाडी चालवतच परत आल्या. रस्ताभर आरपीएम दोन हजारांच्या आत ठेवले आणि आरशात धूर दिसतो का, याकडे लक्ष ठेवले. गाडी पुण्याला पोचली. या निर्णयाकडे शेवटी पुन्हा वळायचे आहे.

पहिले निदान

पुण्यातील एका मोठ्या, सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजात गाडी दिली. स्कॅनर लावल्यावर पी-०२९९ हा कोड आला. संध्याकाळपर्यंत फोनवर निकाल कळवण्यात आला की टर्बो गेला आहे, बदलावा लागेल. नवा टर्बो, गॅस्केट, तेलाच्या आणि कूलंटच्या नळ्या व मजुरी असे मिळून जे अंदाजपत्रक आले, ते गाडी ज्या किमतीला घेतली होती तिच्या जवळजवळ एक तृतीयांश होते. भाग परदेशातून मागवावा लागेल, पाच-सहा आठवडे धरा, असेही सांगितले गेले.

गॅरेजवाल्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. परंतु ही पद्धत सदोष आहे, आणि ती आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविषयी थोडे थांबून लिहिणे गरजेचे आहे. पी-०२९९ हा कोड एवढेच सांगतो की ईसीयूने जितका दाब अपेक्षिला होता तितका सेन्सरला मिळाला नाही. दाब का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. एक्झॉस्टच्या गरम वायूंनी टर्बोचे एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबते, ती हवा नळीतून इंटरकूलरमध्ये थंड होऊन दुसऱ्या नळीतून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या झडपेपर्यंत, जाते. या वाटेत कुठेही हवा गळली तरी तोच कोड येतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा हवा मागे वळवणारा रिसर्क्युलेशन व्हॉल्व फाटला तरी तोच. एक्झॉस्टचे वायू टर्बोला वळसा देऊन बाहेर सोडणारे वेस्टगेट उघडे अडकले, तरीही तोच. सेन्सर खोटे बोलत असेल तरीही तोच. आणि खरोखर टर्बो गेला असेल तरीही तोच. या यादीतील सर्वांत महाग शक्यता सर्वांत आधी उचलली गेली होती, आणि ती कशावरून, या प्रश्नाला गॅरेजकडे उत्तर नव्हते. टर्बोची हवेच्या बाजूची नळी काढून आतले चक्र कुणी पाहिलेही नव्हते.

समोर असलेले पर्याय

मालकीणबाईंनी घरी बसून चार पर्याय कागदावर मांडले. पहिला, सांगितल्याप्रमाणे नवा टर्बो बसवणे. दुसरा, कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून किंवा मोडीत काढलेल्या लिनिया टी-जेटमधून वापरलेला टर्बो मिळवणे. हा स्वस्त होता, पण दोन अडचणी होत्या. लिनियाचे इंजिन कमी शक्तीचे असल्याने तिचा टर्बो जसाच्या तसा चालेल का, याची खात्री हवी होती, आणि मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरणाऱ्या दांड्याची झीज बाहेरून पाहून कळत नाही.

तिसरा पर्याय गाडी आहे त्या स्थितीत विकून नवी घेण्याचा होता. पतीचा कल याकडे होता आणि त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता, कारण ज्या गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी परदेशाकडे पाहावे लागते ती रोजच्या वापराला किती दिवस पुरणार? परंतु नव्या गाड्यांची यादी पाहिल्यावर चित्र वेगळे दिसले. ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर या दोन्ही १२० अश्वशक्तीच्या. फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली. त्याहून जोरकस हॅचबॅक हवी असेल तर २०२५ मध्ये आयात होऊन आलेल्या गोल्फ जीटीआयसारखी, आणि तिची किंमत पन्नास लाखांच्या वर. म्हणजे दहा वर्षांपूर्वी दहा लाखांच्या आत मिळालेल्या १४५ अश्वशक्तीच्या गाडीला आजच्या बाजारात सरळ बदली नव्हती. शिवाय इंजिनचा दिवा लागलेली, ‘टर्बो गेलेला’ असा शिक्का बसलेली गाडी विकायला काढली असती, तर घेणाऱ्याने टर्बोची पूर्ण किंमत वजा करूनच भाव केला असता. चुकीच्या निदानाचा खर्च गाडी दुरुस्त न करताही मालकीणबाईंच्याच पदरी पडला असता.

चौथा पर्याय कागदावर सर्वांत शेवटी आला, पण तो खरे तर इतर तिघांच्या आधीचा होता. टर्बो बदलायचा की गाडी विकायची हे ठरवण्याआधी नेमके काय बिघडले आहे, ते पैसे देऊन नीट तपासून घेणे. ‘काय झाले आहे’ आणि ‘गाडी ठेवायची का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, हे त्यांनी ओळखले. या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय माझ्या मते हाच होता. त्यांच्याच भाषेत, गुडघा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला त्या न तपासता शस्त्रक्रियेला पाठवत नाहीत.

तपास

इतर फियाटमालकांकडे विचारपूस करून त्यांनी भोसरीच्या एमआयडीसीतील एका स्वतंत्र मेकॅनिककडे गाडी नेली. त्या मेकॅनिकनी कोड पाहिला, अंदाजपत्रक वाचले आणि एवढेच म्हणाले, “मॅडम, आधी पाईप बघू. टर्बो उघडायची घाई नको.”

त्यांनी लावलेला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी लॅपटॉप जोडून गाडी चालवत ‘मागितलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ हे दोन आकडे एकाच आलेखावर पाहिले. कमी दाबाला दोन्ही रेषा जवळजवळ जुळत होत्या आणि दाब वाढू लागला की एका ठरावीक पातळीला मिळालेल्या दाबाची रेषा झटकन खाली पडत होती. टर्बो झिजला असता तर दाब सुरुवातीपासूनच रडतखडत चढला असता. वेस्टगेट उघडे अडकले असते तर तो बहुधा इथवर आलाच नसता. ठरावीक दाबालाच उघडणारी गळती असावी, हा अंदाज इथे पक्का झाला.

मग एअर फिल्टरच्या बाजूची नळी काढून टर्बोचे चक्र बोटाने फिरवून पाहिले. ते मोकळे फिरले. दांडा आडवा किंचित हलत होता, जे तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये अपेक्षितच असते. पुढे-मागे मात्र हलत नव्हता, आणि पात्यांच्या कडा शाबूत होत्या. त्यानंतर हवेची वाट टोपण लावून बंद केली आणि तीत कमी दाबाने धूर सोडला. मिनिटभर काहीच दिसले नाही. दाब थोडा वाढवल्यावर इंटरकूलरपासून थ्रॉटलकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या वळणातून धुराची बारीक रेघ वर आली.

नळी उतरवल्यावर सारे उघड झाले. क्लिपच्या काठालगत, नखाएवढ्या लांबीची चीर होती. नळी हातात सरळ धरली की चिरेचे दोन्ही ओठ मिटत, ती दिसतही नसे. आतून अंगठ्याने दाबले की उघडत असे. वळणाच्या खालच्या अंगाला तेलकट धुळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग होता, म्हणजे खंबाटकीत नळी एकदम फाटली असली तरी त्याआधी कितीतरी दिवस ती थोडी थोडी गळत होती. वेस्टगेट चालवणाऱ्या दाबाच्या बारीक नळीचे टोकही कडक होऊन चिरू लागले होते. जवळपास नऊ वर्षांचे रबर, बॉनेटखालची उष्णता, आतून येणारी तेलाची वाफ आणि रीमॅपमुळे वाढलेला दाब, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम होता.

केलेली कार्यवाही

मूळ नळी पुण्यात नव्हती. जीपच्या सर्व्हिस सेंटरमार्फत चौकशी करून आणि मालकांच्या ओळखीतून ती मागवण्यात आली. तोवर गाडी उभी ठेवायची की बाजारातली सिलिकॉन नळी बसवायची, हा पुढचा निर्णय होता. साधी सिलिकॉन नळी उष्णतेला टिकते, पण तेलाच्या वाफेने आतून फुगते आणि पाझरू लागते. टर्बोनंतरच्या हवेत ती वाफ असतेच. म्हणून आतून फ्लुओरोसिलिकॉनचे अस्तर असलेली, मोजून व्यास जुळवलेली कोपराची नळी घेतली आणि पट्टीच्या क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लिप लावल्या. वेस्टगेटची आणि इतर बारीक नळ्या सरसकट बदलल्या. गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाईल हे गृहीत धरलेले नव्हते, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही त्याच वेळी तपासून घेतल्या. त्या चांगल्या स्थितीत होत्या.

इथे काम संपले असते. पण मेकॅनिकने विचारले की टायमिंग बेल्ट कधी बदलला आहे, आणि या प्रश्नाने प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. या १६ व्हॉल्वच्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आपटतात आणि इंजिनचा वरचा भाग निकामी होतो. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे पंपाचे बेअरिंग गेले तरी बेल्टला धोका. म्हणजे ज्या टर्बोच्या काळजीने सगळे व्यग्र होते तो ठणठणीत होता, आणि ज्या बेल्टविषयी २०२२ पासून कुणी विचारले नव्हते तो गाडीचा खरा काळ ठरू शकला असता. नळी फाटली तेव्हा आवाज आला, दिवा लागला, जोर गेला. बेल्ट मात्र तुटण्याआधी बहुधा काहीच कळवत नाही.

बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप असा पूर्ण संच बदलायचे ठरले. कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) जागेवर अडकवून धरणारी खास अवजारे दुसऱ्या गॅरेजातून आणावी लागल्याने काम काही दिवस रखडले. मालकीणबाईंनी त्यात घाई केली नाही. खुणा पेनाने मारून ‘जमवून’ बेल्ट बसवण्याची तयारी दाखवणारे लोक असतात, पण या इंजिनात तो धोका पत्करण्यासारखा नाही. काढलेल्या बेल्टच्या पाठीवर बारीक आडव्या भेगा होत्या.

शेवटचा आणि सर्वांत अवघड निर्णय रीमॅपचा होता. अवघड अशासाठी की त्यांना ती वाढीव ताकद मनापासून आवडत होती. ठेवण्याच्या बाजूने आनंद होता. काढण्याच्या बाजूने बरेच काही होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचा विषय होऊ शकतो. क्लच आणि गीअरबॉक्सचे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत असताना त्यांच्यावर जास्तीचा टॉर्क लादणे म्हणजे पुढची मोठी दुरुस्ती हाताने जवळ आणणे होते. आणि हे रीमॅप कुणी, कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल धरून केले, हेच कुणाला ठाऊक नव्हते. त्यांनी मूळ प्रोग्रॅमवर परत जायचे ठरवले. आधीच्या मालकाकडे मूळ फाइल नव्हती. त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाची फाइल मिळवून ती घालावी लागली.

निष्पत्ती

काम झाल्यावर कात्रजच्या जुन्या घाटात लॅपटॉप लावून चाचणी घेतली. मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाच्या रेषा वरपर्यंत एकमेकींना चिकटून राहिल्या, कोड पुन्हा आला नाही. नळ्या, क्लिप, बेल्टचा संच, पंप, स्पार्क प्लग, तेल आणि मजुरी मिळून झालेला खर्च नव्या टर्बोच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून बराच कमी होता, आणि त्यातला मोठा वाटा बेल्टच्या कामाचा होता. ज्या बिघाडासाठी गाडी गॅरेजात गेली, त्याची दुरुस्ती या बिलातील सर्वांत लहान रकमांपैकी एक होती.

गाडी पूर्वीपेक्षा मवाळ झाली आहे. वरच्या आरपीएमला रीमॅपमुळे येणारा तो उसळता जोर आता नाही; त्याऐवजी दोन हजारांपासून चढत जाणारी, कंपनीने आखलेली ओढ आहे. मालकीणबाईंना पहिले काही दिवस त्याची चुटपुट लागली. आता घाटात गाडी अधिक सलग आणि भरवशाची वाटते, असे त्या सांगतात. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता शेवटचे काही किलोमीटर हलके चालवण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे, कारण तापलेल्या टर्बोचे तेल एकाएकी थांबले तर ते बेअरिंगमध्ये जळून कार्बन धरते.

सगळेच सुटलेले नाही. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचा) रबरी बुश खड्ड्यात ठकठक करतो आणि भाग अद्याप आलेला नाही. क्लच आणखी थोडा जड झाला आहे. मूळ रबरी नळी सहा आठवड्यांनंतर आली; तोवर सिलिकॉनची नळी चोख काम देत असल्याने मूळ नळी सुटी ठेवली आहे.

वेगळे काय करता आले असते

साताऱ्याहून गाडी चालवत आणण्याचा निर्णय माझ्या मते योग्य नव्हता, परिणाम चांगला झाला असला तरीही. सुरूरला तेलाची पातळी आणि धूर पाहणे अगदी बरोबर होते, आणि घाटातून सुरक्षित जागी पोचण्यापुरते हलके चालवणेही. पण टर्बोचा दांडा तुटला आहे की नळी फाटली आहे, हे तेव्हा माहीत नव्हते. दांडा तुटला असता तर पात्यांचे तुकडे हवेच्या वाटेत जाऊ शकले असते किंवा तेल इंजिनात ओढले गेले असते. साताऱ्याहून पुण्यापर्यंतचे टोइंगचे भाडे त्या जोखमीपुढे किरकोळ होते. वडिलांचे ऐकायला हवे होते.

पहिल्या गॅरेजात गाडी देतानाच ‘कोड सांगा’ ऐवजी ‘दाबाची चाचणी करून गळती कुठे आहे ते दाखवा’ असे लेखी मागितले असते, तर दोन आठवडे आणि एक भीतीदायक अंदाजपत्रक वाचले असते.

सर्वांत जास्त फरक मात्र खरेदीच्या वेळी पडला असता. टी-जेट जुनी घेताना रंग आणि किलोमीटर पाहण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल. ते नसेल तर बेल्टचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करावा आणि गाडी घरी न नेता थेट त्या कामाला न्यावी. लॅपटॉप लावून चढावर घेतलेली दाबाची नोंद, कारण उभ्या गाडीत ही गळती कळत नाही. आणि रीमॅप असल्यास मूळ फाइल, कुणी केले त्याच्या नावासह. ती देता येत नसेल तर मूळ प्रोग्रॅमवर आणूनच द्या, असे सांगण्यात संकोच बाळगू नये.

गाडीची नोंदणी २०३१ पर्यंत आहे. त्यानंतर फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर येईल. तोवर गाडी ठेवण्याचे मालकीणबाईंनी ठरवले आहे आणि त्यासाठी क्लच संच, दोन्ही लोअर आर्म, रिसर्क्युलेशन व्हॉल्व आणि इग्निशन कॉइल हे भाग जसे मिळतील तसे घेऊन ठेवायला सुरुवात केली आहे. गीअरबॉक्स आतून गेला तर मात्र दुरुस्तीत न पडता गाडी भागांसाठी दुसऱ्या मालकाला द्यायची, ही मर्यादा त्यांनी आणि पतीने आताच, गाडी चांगली चालत असताना, एकमताने लिहून ठेवली आहे.